छाननी विभागाचा अभ्यास

आमच्या लाँड्रीत घरचे कपडे येत नाहीत, दवाखान्यांचे येतात. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, बाळांची दुपटी. सगळं मोठमोठ्या पिशव्यांतून मागच्या दाराशी येऊन पडतं आणि पहिल्यांदा आमच्यासमोर उघडतं. आमच्या म्हणजे छाननीच्या टेबलासमोर. मशीनमध्ये काय जायचं आणि काय नाही, हे हातानं चाचपून बघणाऱ्या तेव्हा आम्ही नऊ बायका होतो. रक्ताचं वेगळं, फाटलेलं वेगळं, औषधानं पिवळं पडलेलं वेगळं. शिवाय चादरीच्या घडीत काय सापडेल याचा नेम नाही. सुया, कात्र्या, चष्मे. एकदा कवळी आली होती, फक्त वरची. तिचा मालक जिवंत असेल की नाही यावर आम्ही दिवसभर वाद घातला होता. वास नाकात इतका मुरलेला असतो की सुट्टीच्या दिवशी काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. हे रडगाणं नाही, कामाचं स्वरूप कळावं म्हणून सांगते.

जिच्याबद्दल सांगायचं आहे, तिनं या टेबलावर कधी काम केलं नाही. तिची आई करायची, माझ्या शेजारी उभी राहून. आम्ही राहायलाही शेजारीच, दोन खोल्यांच्या मध्ये एक पातळ भिंत. त्यामुळे पोरगी पोटात होती तेव्हापासून मला माहीत. तिचे वडील ती शाळेत असतानाच वारले. त्यानंतर तिच्या आईनं एकच गोष्ट मनाशी धरली. पोरीला शिकवायचं आणि या वासापासून लांब, काचेच्या केबिनमध्ये बसवायचं. बाकी तिला हौस नव्हती, मौज नव्हती. आजारीसुद्धा ती सुट्टी बघून पडायची.

शाळा संपली आणि पोरगी बीबीएला गेली. आईला त्या तीन अक्षरांचा अर्थ धड सांगता यायचा नाही, पण उच्चार असा करायची की ऐकणाऱ्यानं उठून उभं राहावं. आम्ही मग पोरीचं नावच बीबीए पाडलं. "आली का गं आपली बीबीए?" असं कुणीतरी ओरडायचं आणि ती दारातूनच जीभ दाखवायची. कॉलेज सुटल्यावर ती आईसाठी थांबायची, रिकाम्या क्रेटवर बसून मोठ्यानं वाचायची आणि मध्येच आम्हालाही शिकवायची. एकदा तिनं माणसाच्या गरजांचा त्रिकोण समजावून सांगितला. सगळ्यात खाली अन्न-वस्त्र, मग सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि टोकावर काहीतरी होतं, ते तिलाही नीट कळलेलं नव्हतं.

"आणि टेकायला स्टूल कुठल्या मजल्यावर?" मी विचारलं.

"ते त्रिकोणात नाही मावशी, ते साहेबांच्या हातात."

तिची आई तेवढ्यावर इतकी हसली की तिला चादर खाली ठेवावी लागली. पोरगी पुस्तकातलं बोलते याचाच तिला आनंद, मग ते काहीही असो.

अभ्यास काही सोपा नव्हता. हिशेबाचे विषय तिला जमायचे, संख्याशास्त्रात तर ती वर्गाच्या पुढे होती. पण तिथे दर थोड्या दिवसांनी काळा कोट घालून सगळ्यांपुढे उभं राहायचं आणि इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायचं. कोट आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टचा, बाह्या दोन बोटं लांब. पहिल्या वेळी पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. चांगल्या घरची मुलं मागे बसून खिदळली आणि ही अर्ध्यातून खाली बसली. पण तिनं हाय खाल्ली नाही. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड टीचर्स" सुरू व्हायचं, ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. मी भिंतीवर थाप मारून म्हणायची, "बस पोरी, सगळे टीचर झोपले." पुढच्या प्रेझेंटेशनला तिला पैकीच्या पैकी मिळाले. तिच्या जिद्दीचं मला कौतुक होतं. अजूनही आहे, पण आता ते बोलायला तोंड उघडत नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. प्रत्येकानं एखादी कंपनी गाठायची, तिथे महिनाभर बसायचं, एखादं काम निवडून त्याचं मोजमाप करायचं आणि अहवाल लिहायचा. त्याशिवाय पदवी नाही. बाकीच्यांचे काका-मामा बँकेत, मोठ्या ऑफिसात. हिचं कुणी नव्हतं. ती कोट घालून दारोदार फिरली, पण कुठल्याच वॉचमननं तिला आत सोडलं नाही. मुदत संपत आली तशी ती जेवेनाशी झाली. शेवटी तिची आई साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत बाईनं स्वतःसाठी जास्तीची सुट्टी मागितली नव्हती. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, फार बोलणारा माणूस नाही. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "करू दे. छाननीत बसव. तिथे मशीन नाही, हात अडकायचा नाही. आणि माझं डोकं खायचं नाही."

आईनं बाहेर येऊन मला घट्ट मिठी मारली. कामाच्या ठिकाणी, हातमोज्यांसकट.

आणि मग आम्ही नको ती अक्कल पाजळली.

प्रकल्पाच्या आदल्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत आईनं आम्हा सगळ्यांना थांबवलं. "उद्यापासून पोरगी घड्याळ लावून लिहिणार आहे. हात चालवा गं बायांनो. कॉलेजात मोठमोठे लोक वाचणार ते. आपल्या टेबलाची शोभा व्हायला नको. पोरीला कमी मार्क पडायला नकोत." कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी आम्हा सगळ्यांची होती. जिला स्वतःची मुलं नव्हती तीही म्हणाली, "बघच तू, कसं पळवते सगळ्यांना."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुटलो. गप्पा बंद, पाणी कमी प्यायचं म्हणजे उठावं लागत नाही, चहा उभ्या उभ्या. एरवी चादर झटकून, चारी कोपरे चाचपून, उलटून बघायची, ती आता एका झटक्यात इकडची तिकडे. आई तर अंगात आल्यासारखी काम करायची. जो ढीग एरवी घरी जायच्या वेळेपर्यंत पुरायचा तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपायला लागला. मग आम्ही रिकाम्या टेबलापाशी, घाम पुसत, मोठ्या ऐटीत उभ्या. पोरगी कोपऱ्यात पॅड मांडीवर घेऊन, घड्याळ बघून लिहितेय. संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्यानं भांडं उचलवायचं नाही. आईची बोटं तर अशी सुजायची की ती घास डाव्या हातानं घ्यायची, पोरीला दिसू नये म्हणून पाठमोरी बसून.

पोरगी मूर्ख नव्हती. एकदा तिनं मला विचारलंच, "मावशी, रोज इतक्या लवकर संपतं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लवकर? अगं, तू समोर आहेस म्हणून बायका जरा लाजून हळू करतायत."

सगळ्याजणी हसलो. पोरगीही हसली आणि तिनं ते लिहून घेतलं.

मोजमाप संपलं त्या दिवशी आम्ही पुन्हा आमच्या चालीवर आलो आणि पुढे दोन महिने त्या वेगाच्या गोष्टी सांगत राहिलो. इकडे पोरीनं आकडेमोड केली, तर निम्म्याहून थोडा जास्तच वेळ टेबल रिकामं. तिनं आधी लिहिलं होतं की या विभागाची ताकद मोठी आहे, तेव्हा कंपनीनं आणखी दवाखान्यांचं काम धरावं. तिचे प्रकल्पाचे सर म्हणाले, "ते मार्केटिंग झालं. तुझा विषय कामाचं नियोजन. निम्मा दिवस हात रिकामे असतील तर त्या हातांचं काय करायचं, ते सांग. शिफारस ठोस नसेल तर हा निबंध आहे." म्हणून तिनं दुसरी शिफारस लिहिली. छाननीला नऊऐवजी चार बायका पुरेशा आहेत. हे मला नंतर तिनंच सांगितलं. म्हणाली, "मावशी, वरच्या वर्गातले सगळे सांगायचे, हे अहवाल कुणी वाचत नाही. कॉलेजच्या कपाटात जातात आणि वाळवी खाते."

अहवाल बांधून आला त्या संध्याकाळी तिनं तो आईला वाचून दाखवला. इंग्रजीत, अथपासून इतिपर्यंत. आई भिंतीला टेकून ऐकत होती, मीही दारात उभी होते, दोघींना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शेवटचं पान झाल्यावर आईनं विचारलं, "यात आमचं नाव आहे का गं?"

"नावं नसतात आई. कामगार असं लिहितात."

"असू दे. ते कामगार म्हणजे आम्हीच, हे आम्हाला ठाऊक आहे ना." आणि तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पोरगी वर्गात पहिली आली. आईनं दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यांना चहा पाजला, इस्त्रीवाल्यांनासुद्धा, ज्यांच्याशी आमचं कधी पटलं नाही.

पण अहवालाची एक प्रत कंपनीकडेही ठेवायची असते. ती साहेबांच्या टेबलावर पडून होती. त्याच सुमारास दवाखान्यांनी दर पाडून मागितले, आणि वरून साहेबांना विचारणा झाली की माणसं कुठे कमी करता येतील. साहेब स्वतः कधी छाननीत दहा मिनिटं उभे राहिलेले नव्हते. त्यांना राहायची गरजही पडली नाही. कॉलेजचा शिक्का असलेलं, तक्ते जोडलेलं उत्तर हाताशीच होतं. त्यांनी ते वाचलं, वर पाठवलं, आणि वरून शाबासकी आली. मग त्यांनी पोरीला बोलावून घेतलं आणि छाननी विभागाची पर्यवेक्षक म्हणून नोकरी देऊ केली. काचेची केबिन होतीच.

ती घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. भिंतीपलीकडचं मी सगळं ऐकलं. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं, आणि मला ऐकायचंच होतं.

"आई, तू मला खोटं का सांगितलंस? रोज एवढं होतं म्हणून?"

"मला वाटलं, तुझं चांगलं होईल."

"पाच जणी काढणार आहेत. वयानं मोठ्या असतील त्या. तूही."

मग आई म्हणाली, "आणि तुला घेणार आहेत?"

"मी नाही जाणार! मी त्यांना सांगते, आकडे चुकलेत म्हणून."

ती खरंच गेली सांगायला, हे मी तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अहवाल तिच्यापुढे सरकवून विचारलं, "घड्याळ तुझं, मोजणी तुझी, खाली सही तुझी. आता खोटं म्हणतेस? कॉलेजला तसं कळवू का? पदवी अजून हातात आलेली नाही ना तुझ्या?" आणि वर असंही म्हणाले की निर्णय झालेला आहे, पाच जणी जाणारच. तू नको असशील तर दुसरा कुणी येईल, त्याला या बायकांची काही माया नसेल. माणूस आवाज चढवत नाही. त्यामुळे भांडायलाही जागा राहत नाही.

तिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईनं एकच विचारलं, "रुजू कधी व्हायचंय?"

"आई, तुझी नोकरी गेली!"

"म्हणूनच विचारते. दोघी घरी बसून खायचं काय? आणि तुला शिकवलं कशाला, टेबलाशी उभं करायला?"

ती रुजू झाली. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिच्या हातात पाच कागद दिले. पर्यवेक्षकानं आपल्या विभागातल्या माणसांना स्वतः सांगायचं असतं, अशी पद्धत आहे म्हणाले. असेल. मला वाटतं, त्यांना ते स्वतः करायचं नव्हतं. कारण काहीही असो, केबिन काचेची असल्यामुळे वयानं लहान म्हणून राहिलेल्या आम्ही चौघींनी टेबलाशी उभं राहून सगळं बघितलं.

पहिली आत गेली ती कागद टेबलावर टाकून सहीशिवाय बाहेर आली. दुसरी रडली. तिसरी काचेपलीकडून आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली, "माझ्या डब्यातलं खाऊन वाढलीस गं तू." चौथीनं सही केली आणि पोरीच्या गालाला हात लावला, ते तर बघवलं नाही. पोरगी उभी होती, दोन्ही हात टेबलावर टेकवून, कागद पुढे करत होती आणि तेच तेच वाक्य बोलत होती.

शेवटी तिची आई. तिनं ॲप्रन काढून घडी घातली होती, केस नीट बांधले होते. दारावर टकटक केली. आत गेल्यावर खुर्ची होती, पण बसली नाही. हात पुढे बांधून उभी राहिली, आम्ही साहेबांपुढे राहतो तशी.

"आई," पोरगी म्हणाली.

"सही कुठे करायची मॅडम?"

आत जाताना तिनं दार उघडंच ठेवलं होतं, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. आईनं स्वतःच कागदावर जागा शोधली, सावकाश सही केली, आपली प्रत घेतली आणि बाहेर येताना दार हलकेच ओढून घेतलं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. माझं डोकं फिरलं होतं. "तिला असं मारायची काय गरज होती?" मी विचारलं.

"मारलं कुठे? तिला तिथे राहायचंय. मी आई होऊन रडले असते तर उद्या तुम्ही चौघींनी तिला जुमानलं असतं?"

"आम्ही तशाही जुमानणार नाही," मी म्हणाले. ती हसली नाही.

जुमानतो आम्ही. न जुमानून करतो काय? तो जो महिना आम्ही प्रेमापोटी पळालो, तो महिना आता रोज चालतो, नऊजणींचा ढीग आणि चार जणी. होत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण होतं, हे लिहिलेलं आहे आणि आम्हीच करून दाखवलेलं आहे. कोपरे चाचपायला वेळ नसतो. माझ्या शेजारच्या बाईच्या हातात सुई आरपार गेली, तिच्या रक्ताच्या तपासण्या अजून चालू आहेत. सुई लागली त्या दिवशी पोरगी केबिनमधून धावत आली, तिचा हात स्वतःच्या हातांनी धुतला, रिक्षानं दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे आणखी एक बाई द्या म्हणून भांडली आणि तोंड पाडून परत आली. त्यांनी तिला तिचाच तक्ता दाखवला असणार. कधी कधी मला तिचा इतका राग येतो की तिची हाक ऐकू आली तरी मी वळत नाही. आणि कधी ती जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये डबा न उघडता बसलेली दिसते, तेव्हा आपणच तिला या खड्ड्यात ढकललं असं वाटून माझाही डबा तसाच राहतो. दोन्ही खरं आहे.

पदवीदान झालं. पोरगी झगा आणि टोपी घालून स्टेजवर गेली. आई गेली नाही, पाय दुखतात म्हणाली. खरंच दुखतात तिचे पाय, पण पूर्वी ती त्याच पायांनी दिवसभर उभी राहायची. आता ती घर सांभाळते. पोरीचे कपडे इस्त्री करते, बुटांना पॉलिश करते, ती आली की उठून दार उघडते. आणि त्या दिवशी केबिनमध्ये जे सुरू झालं ते तिनं थांबवलंच नाही. पोरीला ती घरातही अहो-जाहो करते. सुरुवातीला पोरीला ती थट्टा वाटली, तीही हसून "काय बाईसाहेब" म्हणायची. मग चिडायला लागली. मग गप्प झाली.

मागच्या आठवड्यात तिचा बांध फुटला. मी भांडी घासत होते. पलीकडून एकदम तिचा आवाज चढला.

"आई, पुरे झालं आता! मी काय केलंय ते मला माहीत आहे. तू ओरड माझ्यावर. दोन थोबाडीत दे. शिव्या दे. पण घरात तरी मला तू म्हण गं. तुझ्या पाया पडते."

मी नळ बंद केला. पलीकडून ताट मांडल्याचा आवाज आला, पाण्याचा पेला ठेवल्याचा, आणि पाठोपाठ तिच्या आईचा, अगदी शांत.

"म्हणते की. आधी जेवून घ्या. सकाळी कामावर जायचंय तुम्हाला."